कवळीकाकांच्या तोंडचं वाक्य

समोरचा माणूस हसला की कवळीकाकांचं लक्ष आधी त्याच्या दातांकडे जायचं, माणूस नंतर. त्याला त्यांचा इलाज नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. गावातले दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेऊन पाठवायचे आणि काका घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसून त्यावरून कवळ्या बनवायचे. ठशात प्लॅस्टर ओतून जबड्याची प्रत काढायची, तिच्यावर गुलाबी मेणाचा कठडा उभारायचा, त्यात एकेक दात बसवायचा. मग डॉक्टरकडे पाठवून पेशंटच्या तोंडात घालून बघायचं, परत आलं की मेण वितळवून त्याच्या जागी ॲक्रिलिक भरायचं, गरम पाण्यात शिजवायचं आणि शेवटी मोटरच्या चाकावर घासून असं गुळगुळीत करायचं, की जिभेलासुद्धा कुरकुरायला जागा राहू नये. काकांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि त्याचा त्यांना जरा तोरा होता.

माणूस कामाला चोख होता. पण तोंडाला लगाम नव्हता. कोणी त्यांना रागीट म्हणालं तर ते भडकायचे. "मी रागावत नाही, मी स्पष्ट बोलतो," असं ते इतक्या मोठ्याने सांगायचे, की गल्लीच्या टोकाच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जायचं. बोलून झालं की त्यांचं पोट हलकं व्हायचं आणि पाच मिनिटांत ते सगळं विसरून मेण तापवायला बसायचे. काकू पोस्टात काउंटरवर होत्या. दिवसभर लोकांची तीच ती विचारणा ऐकून त्यांच्या अंगी एक थंडपणा मुरला होता, त्यामुळे त्यांचं निभावलं. मुलाचं तसं नव्हतं.

मुलगा एकुलता एक. बाहेरगावी राहून भूगर्भशास्त्र शिकला, पहिल्या वर्गात पास झाला, एका कंपनीत लागला. काकांनी डॉक्टरांना फोन करकरून सांगितलं. आणि चार महिन्यांनी एका मंगळवारी दुपारी मुलगा पाठीला एक बॅग लावून दारात उभा राहिला.

"रजा घेतलीस?"

"सोडली."

"का?"

"जमेना."

त्या 'जमेना'च्या पुढे काकांना कधी जाता आलं नाही. मुलगा वरच्या खोलीत जाऊन झोपला तो जवळजवळ उठलाच नाही. अकराला खाली यायचा, चहा घ्यायचा, परत वर. बोलायला गेलं तर भिंतीकडे बघायचा. बाथरूममध्ये नळ सोडून तासन्‌तास बसायचा. त्या नळाच्या आवाजाखाली तो रडतो हे काकूंना लवकर कळलं, काकांना उशिरा. काकू त्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, गोळ्या सुरू झाल्या, पण काकांच्या मनाची तडफड काही थांबली नाही. जबडा सुजला तर दिसतो, हिरडी सोलवटली तर दिसते. इथे ना सूज, ना ताप. धडधाकट सव्वीस वर्षांचा मुलगा, आणि छताकडे बघत पडलेला. राग काढायचा तरी कोणावर? मग ते मुलावरच काढायचे. त्याला नावाने हाक मारणं त्यांनी सोडून दिलं. "आमचे पदवीधर उठले का?" असं जिन्याखालून विचारायचे.

एकदा त्यांनी त्याला खाली कामाला घेऊन पाहिलं. तीन आठवडे बरे गेले. पोराचा हात हलका होता, मेण कापायची सुरी त्याने लगेच साधली. मग एका आजीबाईंचं काम आलं. डॉक्टरांनी सोबत त्यांचा तरुणपणाचा फोटो पाठवला होता. मुलाने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढवून बसवले.

"हे काय? वाकडे?"

"फोटोत तसेच आहेत, बाबा."

"वाकडे दात सरळ व्हावेत म्हणून माणसं जन्मभर झुरतात, आणि तू सरळ जागेवर वाकडे बसवतोस? माझ्या हातून असलं काम बाहेर जात नाही."

काकांनी सुरी तापवली, दोन्ही दात उपटले आणि सरळ लावले. मुलगा उभा राहून बघत होता. मग त्याने ॲप्रन काढला, खुंटीला लावला आणि वर गेला. दुसऱ्या दिवशी तो खाली आला नाही, तेव्हा काका सकाळीच वर जाऊन त्याला चार शब्द सुनावून आले. काय सुनावलं ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही. रागात बोललेलं कोण वहीत लिहून ठेवतं?

त्यानंतर मुलाने एक नवंच खूळ काढलं. खोलीची खिडकी दिवसभर सताड उघडी. थंडीत दात वाजायची वेळ आली तरी उघडी. रस्त्यावरची धूळ आत यायची, जिन्याने खाली उतरायची आणि काकांच्या मेणावर बसायची. "खिडकी लाव!" असं काका दिवसातून तीनदा ओरडायचे. मुलगा लावायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा उघडायचा. अंघोळीही दोन-दोन करायला लागला. काका म्हणाले, चला, निदान स्वच्छता तरी आली.

असं वर्ष गेलं. मग एका रविवारी जेवताना मुलगा आपणहून बोलला.

"मी फिल्म करतोय."

काकांचा घास हातात राहिला. "कसली?"

"एका मुलाची. शिकून घरी परत येतो आणि घरात पडून असतो."

"ती तर वर रोज चालू आहे. तिकीटसुद्धा नाही."

मुलगा हसला नाही, पण उठूनही गेला नाही. म्हणाला, कॉलेजची एक मैत्रीण कॅमेरा करणार आहे, एक जण आवाजाचं बघणार आहे, बारा दिवसांत होईल, शूटिंग याच घरात करायचं आहे. काका म्हणाले, "आणि बघणार कोण हे?"

"माहीत नाही."

"वा! छान!"

काकू ताट सरकवत म्हणाल्या, "करू दे हो. दीड वर्षात पहिल्यांदा इतकी वाक्यं सलग बोललाय."

आणि घरात फिल्मवाले शिरले. कॅमेरावाली बारीक केसांची, चटपटीत, कुठेही मांडी घालून बसणारी. दुसरा हेडफोनवाला. त्याला जे ऐकू यायचं ते घरात आजवर कोणाला ऐकू आलं नव्हतं. फ्रिज गुणगुणतो, स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो, शेजारची बाई फोनवर बोलते. मुलाची भूमिका करायला एक किडकिडीत नट आणला होता, आणि बापाच्या भूमिकेसाठी रंगभूमीवरचे एक ज्येष्ठ नट येणार होते. ते पहिल्या दिवशी आले, काकांच्या खुर्चीत बसून काकांसारखे खाकरले, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की टीव्हीच्या मालिकेत न्यायाधीशाचं काम मिळालंय, तेव्हा क्षमस्व.

काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. शूटिंग चालू असलं की मोटर लावायची नाही, असा हेडफोनवाल्याचा हुकूम होता. चार कवळ्या पॉलिशसाठी अडकल्या होत्या. एक डॉक्टर सकाळ-संध्याकाळ फोन करत होते, की पेशंट नातीच्या शाळेच्या कार्यक्रमाला बोळक्या तोंडाने जाणार नाही म्हणतोय. काका मोटरकडे हात नेत आणि वरून आवाज येई, "काका, प्लीज! पाच मिनिटं!" ती पाच मिनिटं पाऊण तासाची असत.

"माझ्याच घरात मी चोर झालोय," असं ते स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुटपुटायचे.

अशात मुलगा खाली आला. बराच वेळ दारात उभा राहिला. "बाबा, वडिलांचं काम तुम्ही कराल का?"

"काय करायचं असतं?"

"रोज करता तेच."

"रोज करतो ते तर तुला आवडत नाही."

जिन्यात बसलेली कॅमेरावाली खळखळून हसली. मुलाचे कान लाल झाले. काकांनी विचार केला, आपण नाही म्हणालो तर हे लटांबर दुसरा बाप शोधेपर्यंत घरात ठाण मांडून बसणार. म्हणाले, "चार वाजल्यानंतर मोटर चालू राहील. कबूल असेल तर करतो. संपवा एकदाचं."

आणि गंमत म्हणजे काका उत्तम निघाले. मेणात दात बसवताना कॅमेरा हातावर रोखलेला असला तरी त्यांचा हात हलत नव्हता. कॅमेऱ्याची त्यांना भीती नव्हती, कारण काम करताना जगात दुसरं काही आहे याचा त्यांना पत्ताच नसायचा. किडकिडीत नट सुरी चुकीची धरत होता, त्याला त्यांनी भर सीनमध्ये हातावर चापटी मारून शिकवलं. कॅमेरावाली म्हणाली, "हे ठेवायचं हं! हे सोनं आहे!" काका दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून, केस चापून बसवून आले. त्यांना परत पाठवून जुना डागाळलेला ॲप्रन घालायला लावला, तेव्हा ते फुरंगटले, पण आतून खूश होते. संध्याकाळी काकूंना सांगत, "आज माझे तीन सीन झाले. त्या नटाला अजून पुष्कळ शिकायचंय."

सहाव्या दिवशी मुलाने त्यांच्या हातात एक कागद दिला. सीन बावीस. काकांनी चष्मा लावला.

कागदावर लिहिलं होतं, की बाप सकाळी वर येतो. मुलगा अंथरुणात पडलेला आहे. बाप म्हणतो, 'तुझ्या वयाचा माणूस दिवसभर असा पडून राहिला ना, की घराला वास येतो. मेलेल्या उंदरासारखा. कुठून येतोय ते कळत नाही, पण येतो.' आणि खाली कंसात, 'बाप जातो. मुलगा उठतो. खिडकी उघडतो.'

काकांनी ते दोनदा वाचलं. "हे कोण म्हणतं?"

"वडील."

"असं कुठला बाप बोलतो?"

कॅमेरावालीने खाली मान घालून स्वच्छ असलेली लेन्स पुसायला घेतली.

"मी म्हणालो होतो असं?"

"हो."

"कधी?"

"त्या आजीबाईंच्या कवळीनंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी."

"साफ खोटं. मी स्पष्ट बोलतो, पण असलं घाणेरडं बोलत नाही. तू रचून लिहिलंयस. फिल्ममध्ये बाप वाईट दाखवावा लागतो म्हणून."

त्या दिवशीचं शूटिंग तिथेच थांबलं. काकांनी मोटरसुद्धा लावली नाही. खुर्ची घेऊन ते दारात बसले आणि साडेपाचला काकू खांद्याला पर्स लावून पायऱ्या चढायला लागल्या, तसा कागद त्यांच्यापुढे धरला. "वाच. आणि सांग, मी असं म्हणालो होतो का."

काकूंनी पोस्टात फॉर्म वाचतात तसं शब्दांखाली बोट फिरवत वाचलं.

"म्हणालात."

"हेच शब्द?"

"उंदीर होता. बाकीचं थोडं इकडचं तिकडे असेल. खरं तर तुम्ही जास्त बोललात, त्याने कमी लिहिलंय."

"मग तेव्हा मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की. जेवताना. तुम्ही म्हणालात, भाजीत मीठ कमी आहे."

काकू चपला काढून आत गेल्या. काका कागद घेऊन जिना चढले. मुलगा आणि बाकीची मंडळी गच्चीवर होती, खोली रिकामी होती. खिडकी सताड उघडी होती आणि खोली गार पडली होती. सवयीने ते लावायला गेले. हात कडीवर पडला आणि तिथेच राहिला. त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला. 'मुलगा उठतो. खिडकी उघडतो.' मघाशी वाचताना त्यांना वाटलं होतं, कंसातलं सगळं कॅमेरावालीसाठी असणार.

दिवसातून तीनदा. वर्षभर. 'खिडकी लाव' म्हणून ते जिन्याखालून ओरडत होते आणि पोरगा लावत होता, आणि पंधरा मिनिटांत परत उघडत होता. आणि त्या दोन-दोन अंघोळी. काका पलंगाच्या कडेवर बसले. मग संताप आला, आणि तो कोणावर आलाय हे ठरेना म्हणून आणखी आला. तेव्हाच्या तेव्हा तोंडावर का नाही बोलला हा? "बाबा, हे लागलं मला," एवढं म्हणायला काय झालं होतं? वर्षभर दात धरून बसला आणि आता चार परक्या माणसांसमोर हातात कागद देतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलाला म्हणाले, "मी हे बोलणार नाही. बदल."

"नाही बदलणार."

"अरे, माझे डॉक्टर बघतील. माझ्याकडे कामं येतात त्यांची."

"बाबा, हे वाक्य काढलं तर फिल्ममध्ये एक मुलगा नुसता पडून आहे. का पडलाय ते कोणाला कळणार नाही."

"म्हणजे माझ्यामुळे पडलायस?"

"नाही. आधीच पडलो होतो. तुमच्यामुळे उठता आलं नाही."

स्वयंपाकघरातून डबा भरता भरता काकू म्हणाल्या, "तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं तरी बोललात. आता सांगतायत तर बोलून टाका."

दहा वाजता सीन लागला. किडकिडीत नट अंथरुणात पडला. काका दारातून आत आले आणि म्हणाले, "तुझ्या वयाचा माणूस दिवसभर असा पडून राहिला की... तब्येतीला बरं नसतं."

"कट," मुलगा म्हणाला. "बाबा, लिहिलंय तसं."

दुसऱ्या वेळी ते वास म्हणाले, पण उंदीर विसरले. तिसऱ्या वेळी उंदीर म्हणाले, पण इतक्या हळू की हेडफोनवाल्याने मान हलवली. चौथ्या वेळी खोकला आला. पाचव्या वेळी त्यांची दातखीळच बसली, ओठ हलेनात. सहाव्याला त्यांनी नटाच्या डोक्यावरून हात फिरवायला घेतला आणि नट गडबडून उठून बसला. मुलगा प्रत्येक वेळी शांतपणे सांगत होता, "परत." त्या शांतपणाने काकांचं डोकं फिरत चाललं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

नवव्यांदा चुकलं तेव्हा काका भडकले. "नाही येत मला! मी काय नट आहे? नाही निघत तोंडातून!"

मुलगा कॅमेऱ्याच्या मागून बाहेर आला. आवाज चढवला नाही. "त्या दिवशी एका टेकमध्ये निघालं होतं, बाबा."

किडकिडीत नटाने पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं.

काका खाली गेले. मोटर लावली. हातात एक कवळी घेतली आणि चाकावर धरली. दोन मिनिटांत तिच्या हिरडीचा भाग घासून पार झिजवला. चौतीस वर्षांत असं त्यांच्या हातून झालं नव्हतं. आता ती पहिल्यापासून करायला हवी होती. त्यांनी मोटर बंद केली, हातावरची पावडर झटकली आणि परत वर आले.

"लाव," ते कॅमेरावालीला म्हणाले.

आणि बोलले. शब्दाला शब्द. डोळे नटावर. त्यांना नट दिसतच नव्हता. 'कुठून येतोय ते कळत नाही, पण येतो,' हे म्हणताना त्यांना आपला त्या दिवशीचा आवाज आठवला, त्यातला तो सहजपणा आठवला, आणि ते वळून दाराबाहेर गेले. जिन्यावरून त्यांनी पाहिलं. नट उठला, खिडकीशी गेला, कडी काढली, दोन्ही दारं ढकलली आणि बाहेर न बघता परत येऊन पडला.

"ओके," मुलगा म्हणाला.

बस्स. ओके. काका वाट बघत राहिले, की कोणी काहीतरी बोलेल. ते स्वतः एक पाऊल पुढे आले. "अरे, मी तेव्हा—"

"काका, एक मिनिट," हेडफोनवाला हात वर करून म्हणाला. "खोलीचा आवाज घ्यायचाय. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. जिथे आहात तिथे उभे राहा. एक मिनिट."

रिकाम्या खोलीचाही आवाज लागतो म्हणे, नंतर जोडायला. सगळे पुतळ्यासारखे उभे राहिले. काका दारात, मुलगा खिडकीशी, मध्ये अंथरूण. काकांच्या तोंडात वाक्य तयार होतं. जन्मात पहिल्यांदा एखादं वाक्य त्यांनी आधी विचार करून, मनात जुळवून ठेवलं होतं, आणि बोलायची परवानगी नव्हती. रस्त्यावरून एक ट्रक गेला. हेडफोनवाल्याने मान हलवून घड्याळ परत पहिल्यापासून लावलं. काकांनी मुलाकडे पाहिलं. हा इतका वाळला कधी? कानशिलाजवळ चार केस पांढरे झाले होते. मुलगा जमिनीकडे बघत होता.

"झालं. थँक्यू."

सगळ्यांनी श्वास सोडला. खुर्च्या सरकल्या, वायरी गुंडाळायला सुरुवात झाली. मुलगा बापाकडे वळला. "काय म्हणत होतात?"

पण वाक्य गेलं होतं. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "काही नाही. झालं ना? मोटर लावू?"

"लावा."

फिल्म पूर्ण व्हायला पुढे आठ महिने लागले. मुलगा वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून तेच ते तुकडे जोडत असे, आणि काकांना खालून स्वतःचाच आवाज ऐकू येई. उंदीर, उंदीर, परत उंदीर. ऐकून ऐकून त्यांना वेड लागायची पाळी आली. तिकडे फिल्म बाहेरच्या महोत्सवांना पाठवली, अकरा ठिकाणांहून नकार आला. एका छोट्या महोत्सवाने घेतली, ती सकाळी नऊच्या खेळाला लावली. मुलगा आणि कॅमेरावाली जाऊन आले. किती माणसं होती विचारल्यावर मुलगा म्हणाला, "सात. त्यातले दोन आम्ही."

शेवटी गावातल्या ग्रंथालयाच्या सभागृहात एका संध्याकाळी ती दाखवली. चाळीसेक माणसं आली. दोन डॉक्टर सहकुटुंब आले. काका शेवटच्या रांगेत बसणार होते, काकूंनी दंडाला धरून तिसऱ्या रांगेत बसवलं. मेणाच्या सीनला लोक पुढे सरकून बघू लागले, चापटीला हसले. सीन बावीस आला तेव्हा काका बुटांकडे बघत राहिले.

दिवे लागल्यावर प्रश्नोत्तरं झाली. पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "वडिलांचं काम केलेले गृहस्थ आलेत असं कळलं. त्यांना विचारायचंय, या वडिलांबद्दल त्यांचं काय मत आहे?"

माइक हातोहात काकांकडे आला. त्यांनी तो कवळी धरावी तसा दोन बोटांत धरला.

"त्याने ते बोलायला नको होतं," काका म्हणाले. "आणि बोलून विसरायला तर मुळीच नको होतं. त्याला वाईट वाटतंय. त्याला सांगता येत नाही. एवढंच."

माइक परत गेला. मुलगा पडद्याशेजारी उभा राहून एक वायर काढत होता. ती निघत नव्हती, का तो काढत नव्हता, हे तिथून कळत नव्हतं.

घरी जाताना बसस्टॉपवर तिघं उभी होती. बस येईना. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, "माइक फार लांब धरलात तुम्ही. मागच्यांना ऐकू आलं नसेल."

"तुला आलं?"

"मी पुढेच होतो."

काकूंनी बस आली का ते बघायच्या निमित्ताने चार पावलं पलीकडे जाऊन घेतलं.

कोणाला वाटेल, की आता सगळं मार्गी लागलं. तसं काही झालं नाही. मुलाला एका कंपनीत आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालं. आग लागली तर काय करावं, यंत्रात हात अडकू नये म्हणून काय करावं, असल्या शिकवणीच्या फिल्मा तो जोडून देतो. उरलेल्या चार दिवसांतले दोन बरे जातात, दोन जात नाहीत. त्या दोन दिवशी तो अकरालाही खाली येत नाही. काका जिना चढून वर जातात, दाराशी उभे राहतात, काय बोलावं ते सुचत नाही, खाली येतात. पूर्वी निदान ओरडता तरी यायचं. आता ओरडायला तोंड उघडलं की मध्येच अडकतं, आणि न निघालेलं वाक्य तोंडात धरून दिवसभर मेण कापत बसावं लागतं. जीव नुसता मेटाकुटीला येतो.

"कवळीचं बरं असतं," ते एकदा काकूंना म्हणाले. "टोचली तर माणूस बोट लावून दाखवतो, इथे टोचतेय. तेवढं घासून देता येतं."

"मग विचारा त्याला, कुठे टोचतंय."

"विचारलं काल."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी चारलाच मोटर बंद केली, हात धुतले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले. मुलाने काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने अर्धं सांगितलं. काकांना त्यातलं निम्मं समजलं, आणि उरलेल्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. काकू उठल्या, ताटं तशीच ठेवून पलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या. पाऊण तास झाला तरी जेवणाच्या खोलीतून दोघांचेही आवाज येत होते.